४० रुपयांच्या पाव आण्याला १२० रुपये टपाल : लूट, की आपलंच गणित कच्चं?

चवलीपावली
काल नाणीसंग्राहकांच्या एका ग्रुपवर एक पोस्ट फिरली. सार असं : "४० रुपयांच्या पाव आण्याला १२० रुपये शिपिंग लावणारे विक्रेते लुटारू आहेत. पाच रुपयांचं पाकीट घ्या, नाणं कागदात गुंडाळा, टाका पेटीत. असल्यांवर बहिष्कार घाला." खाली अंगठ्यांचा पाऊस. त्या अंगठेवाल्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पाकीट वजनकाट्यावर ठेवलंय?

मांडा हिशेब. राणी व्हिक्टोरियाचा तांब्याचा पाव आणा ६.४७ ग्रॅम. दोन बाय दोन इंचाचा होल्डर, म्हणजे नाणं ठेवायची खिडकीवाली पुठ्ठ्याची घडी, दीड-दोन ग्रॅम. पोस्टकार्डाच्या मापाचे खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे बाराएक ग्रॅम. लहान बबल पाकीट आठ-नऊ ग्रॅम. झाले तीस. त्यात नाणं पाचवा हिस्सा. आपण नाण्याचं टपाल भरतच नाही, पुठ्ठ्याचं भरतो.

आता दर. ५० ग्रॅमपर्यंत स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९, बाहेर देशात कुठेही ४७. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२.४२ आणि ५५.४६. रजिस्ट्रेशनचे ५ अधिक कर घेतले की ६१.३६. पाकीट, पुठ्ठा, होल्डर, टेप मिळून पंधरा-वीस. ऐंशीच्या घरात खरा खर्च जातो. उरले चाळीस. भांडायचं तर त्या चाळीसवर भांडा.

आणि खरी चूक आपली असते. होल्डरसकट एक पाव आणा सव्वाआठ ग्रॅम धरा, तीन घातले तरी पाकीट पन्नासच्या आत. चौथा घातला की २५० ग्रॅमच्या टप्प्यात. पुणे-नागपूर अंतराला तो टप्पा ६८, करासकट ८०.२४. म्हणजे चौथं नाणं एकटं २५ रुपये वाढवतं आणि पाचव्यापासून पंचविसाव्यापर्यंतची सगळी फुकट जातात. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, तिथे हीच रेघ दोनवर पडते. एकतर रेघेच्या आत थांबा, नाहीतर डबा भरून मागवा. चार नाणी मागवून रडू नका.

बंदा रुपया
विक्रेत्यांचं वकीलपत्र घेतल्याबद्दल अभिनंदन. फीसुद्धा शिपिंगमध्येच धरली असेल.

तुमचा हिशेब नागपूरचा. सदाशिव पेठेतल्या विक्रेत्याकडून कोथरूडला मागवलं तर? टपाल २२.४२, आणि लावतात तेच १२०. हा सरसकट दर म्हणजे जवळच्याने लांबच्याचं भरायचं. त्यातून साइट अशी बांधलेली की दर नाण्यामागे शिपिंग जोडलं जातं. पाच पाव आणे टोपलीत टाकले की ६०० रुपये शिपिंग दिसतं, पाकीट मात्र एकच येतं. हे टप्प्याचं गणित आहे का तुमच्या वहीत?

आणि "इन्शुअर्ड शिपिंग" असं छापायचं आणि पावतीवर विम्याची ओळच नाही! स्पीड पोस्टात विमा वेगळा उतरवावा लागतो, एक लाखापर्यंत. न उतरवता पाकीट हरवलं तर भरपाई टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे चार हजारांचा रुपया गेला की हातात शे-सव्वाशे. हे गिऱ्हाइकाला कोणी सांगतं?

दुकानाच्या आडून
विक्रेता आहे, त्यामुळे शिव्या माझ्याच वाट्याच्या.

दर नाण्यामागे शिपिंग जोडणं चूक आहे, मान्य. पण पैसे भरायच्या आधी "सगळं एकत्र पाठवा, सुधारित बिल द्या" असं एक वाक्य लिहायला काय जातं? दहातले आठ गिऱ्हाईक आधी पैसे भरतात आणि मग परतावा मागतात. परताव्यात पेमेंट गेटवेचा कट परत येत नाही.

साठवून पाठवायची सोय बहुतेक जण देतात. नियम साधे असावेत : प्रत्येक लॉटचे पैसे लगेच, साठवण तीस दिवस, शेवटी एकच टपालखर्च. पैसे न घेता ढीग सांभाळला की महिन्याने "सध्या जमत नाही" असा निरोप येतो, तोवर तीच नाणी दुसऱ्याला नाकारलेली असतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं तर नावच नको. पाकीट परत आलं की जातानाचं आणि येतानाचं दोन्ही भाडं विक्रेत्याच्या बोडक्यावर. तुमच्या १२० मधले काही रुपये त्या न घेणाऱ्यांचे आहेत, हे कटू असलं तरी खरं.

बंदा रुपया
म्हणजे पळपुट्यांचा दंड प्रामाणिकांनी भरायचा. वा! हेच तर म्हणतोय. सीओडी बंद करा, वीस रुपये कमी करा.

लाखेची मोहोर
तुमचं पन्नास ग्रॅमचं कौतुक चाललंय, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. रजिस्टर गेलं! २० ग्रॅमचं रजिस्टर २५ रुपये ९६ पैशांत जायचं. एक पाव आणा, एक पातळ पुठ्ठा, साधं जाड पाकीट, सही घेतल्याशिवाय पोस्टमन द्यायचा नाही. ऑक्टोबर २०२५ च्या दरांपासून ते स्पीड पोस्टात विलीन, आणि रजिस्ट्रेशन ही वर पाच रुपयांची जोडसेवा. सव्वीसचे एकसष्ट झाले. छोट्या नाण्यांचा टपाली व्यवहार तिथेच मेला. विक्रेता काय करणार आणि तुमची वजनं काय करणार?

चवलीपावली
दुखणं खरं आहे. पण २० ग्रॅममध्ये धड पॅकिंग होतच नव्हतं, हेही आठवा. पातळ पाकिटात नाणं एका कडेला सरकतं, गठ्ठ्यात दाबलं जातं आणि कड फाडून बाहेर. वर शिक्का मारणाऱ्याचा हातोडा नेमका त्या फुगवट्यावर बसायचा. नाण्यावर टांकसाळीचा एक शिक्का असतोच, टपालखात्याचा दुसरा कशाला?

एडिसनकर
इथे सगळे पन्नास रुपयांवर भांडताय, आमचं बघा. न्यू जर्सीला दोन दुदांडी (दोन आडव्या रेघांच्या) शिवरायी हव्या आहेत, महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी म्हणून. नाणी दोन-तीनशेची. भारतातले विक्रेते सरळ नाही म्हणतात. टपाल दोन हजार लागलं तरी देतो म्हटलं तरी नाही. हा कुठला माज? कोणी पाठवणारा असेल तर सांगा, नाहीतर डिसेंबरात येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून मागवतो.

पुराभिलेख
माज नाही, कायदा आहे. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२. अंमल १९७६ पासून. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, आणि ते देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था नेऊ शकते. शिवरायीतली सगळ्यात धाकटीसुद्धा त्यात बसते. किंमत दोनशे की दोन लाख, याला अर्थ नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, वर दंड. नातेवाइकाच्या बॅगेतून न्याल तर पकडला जाईल नातेवाईक, तुम्ही नाही.

एडिसनकर
अहो, रस्त्यावर ढिगाने विकतात ती! तांब्याच्या भावात वितळवलेली चालतात, आणि आम्ही जपून ठेवायला मागितली तर गुन्हेगार? आमच्यासारख्या बाहेरच्या मराठी माणसाने इतिहासाशी संबंध ठेवायचाच नाही का?

बंदा रुपया
इतिहासाशी संबंध ठेवा की, तस्करीशी नको.

एडिसनकर
तस्कर कोणाला म्हणताय? शब्द मागे घ्या.

पुराभिलेख
दोघांनी दमाने घ्या. कायदा भोंगळ आहे हे मलाही मान्य. लाखोंनी पाडलेलं तांब्याचं नाणं आणि एकमेव मूर्ती यांना एकच माप लावलंय. पण तो बदलेपर्यंत आहे तो आहे. आणि गंमत म्हणजे रेघ दर वर्षी पुढे सरकते. १९२५ चा पाव आणा २०२४ साली पाठवता येत होता, २०२५ संपताच तो पुरावशेष झाला. शंभरच्या आतलं नाणं पाठवतानाही कस्टम्सला शंका आली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं "पुरावशेष नाही" असं प्रमाणपत्र लागतं. त्या खटपटीत कोण पडणार? म्हणून विक्रेता नाही म्हणतो.

ढब्बू
एडिसनकर, उलटीकडून बघा ना. कायद्याच्या आधी ब्रिटिशांच्या पेट्यांतून ढिगाने गेलेली भारतीय नाणी लंडनमध्ये आणि तुमच्या अमेरिकेतच पडली आहेत. तिथल्याच विक्रेत्याकडून घ्या. ना निर्यातीचा प्रश्न, ना सीमाशुल्काचा. ईबेच्या स्टँडर्ड एन्व्हलपमध्ये नाणी चालतात : तीन औंसांपर्यंत, जाडी पाव इंच. दोन शिवरायी होल्डरमध्ये शेजारी शेजारी चिकटवल्या, एकावर एक नाही, की आरामात बसतात. लंडनहून मागवाल तर मात्र आता शुल्क धरून चला. ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट काढून टाकली. त्याच गोंधळात आपल्या टपालखात्याने अमेरिकेचं बुकिंग २५ ऑगस्टला थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला सुरू झालं.

एडिसनकर
हे पहिल्याच उत्तरात कोणी सांगितलं असतं तर माझा रक्तदाब वाचला असता. धन्यवाद, ढब्बू. बाकीच्यांना नाही.

नगरी
शिवरायी न्यू जर्सीला पोचली असेल तर मूळ विषयावर या. कुरिअरचं काय? पोस्टापेक्षा स्वस्त पडतं म्हणून एक मित्र सगळं कुरिअरने मागवतो. पाकिटावर "कागदपत्रे" लिहायला सांगतो.

दुकानाच्या आडून
मित्राला सांगा, ज्या दिवशी हरवेल त्या दिवशी कळेल. बऱ्याच खाजगी कुरिअरच्या शर्तींत चलन, नाणी, मौल्यवान धातू घेत नाही असं लिहिलेलं असतं. "कागदपत्रे" लिहून नाणी पाठवली की दावा तिथेच संपला, कागदपत्रांच्या हरवण्याची भरपाई काय ती मिळेल.

आणि कुरिअर स्वस्त पडतं, हे पेटीला लागू नाही. ते आकारमानावरून वजन धरतात : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. संसद भवनाचं ७५ रुपयांचं स्मारक नाणं घ्या, ३५ ग्रॅमचं, ४४ मिलिमीटर व्यासाचं. मखमली पेटीसकट २० बाय १५ बाय १० च्या खोक्यात घातलं की ३००० भागिले ५०००, म्हणजे ६०० ग्रॅम. पस्तीस ग्रॅमच्या नाण्याला एक किलोचा टप्पा. गिऱ्हाइकाला पेटी हवी, तिच्या कोपऱ्याला पोचा नको, आणि शिपिंग फ्री.

लाखेची मोहोर
पण बाहेर "नाणी" लिहिलं तर वाटेतच पाकीट हलकं होईल त्याचं काय? खरं लिहायचं तरी कसं?

दुकानाच्या आडून
पाकिटावर काहीच लिहायची हौस कशाला? काउंटरवर विचारलं तर खरं सांगायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दुकानाचं नाव न घालता नुसतं माणसाचं नाव घालायचं. "कॉइन्स" छापलेला गोल शिक्का मिरवणारे विक्रेते चोराला आमंत्रण देतात. आणि विमा उतरवलाच असेल तर बिल आत ठेवा, एक फोटो स्वतःकडे. सोन्याच्या मोहरा किंवा चलनी नोटा असतील तर विम्याशिवाय पाठवायचा विचारच करू नका.

चवलीपावली
पॅकिंगवर कोणी बोलत नाही, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात. होल्डर पिनांचा असेल तर पिनांचे पाय पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या होल्डरची खिडकी फाडून ते पलीकडच्या नाण्यावर ओरखडा काढतात. होल्डर पुठ्ठ्याला कडेने चिकटवा, खिडकीवर टेप नको. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांच्या आतल्या पन्हळी नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवा, मग पाकीट कुठल्याच बाजूने वाकत नाही. टेपचं टोक थोडं दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला सुरी लागत नाही. शेवटी कानाशी धरून हलवा. खुळखुळलं तर पुन्हा उघडा. आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, वास येतो त्या. वाटेत काही होत नाही, पण गिऱ्हाइकाने तशीच कपाटात ठेवली की तांब्यावर हिरवा चिकट थर येतो.

बंदा रुपया
ठीक आहे. चौथं नाणं महाग पडतं, हे मान्य करतो. नाइलाजाने. तरी गावातल्या गावात १२० लावणाऱ्याला लुटारूच म्हणणार. तुमच्याच दरपत्रकाने २२.४२ अधिक पॅकिंग वीस, म्हणजे बेचाळीस. साठ घ्या, सत्तर घ्या.

दुकानाच्या आडून
सत्तर मान्य. शहराबाहेर नव्वद. पण एका अटीवर : "आज पाठवलं का?" हा मेसेज दिवसातून एकदाच.

नगरी
पुण्यातल्या पुण्यात टपाल कशाला लागतं मुळात? लॉट साठवायला सांगा आणि कॉइनेक्सला, म्हणजे पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनाला, जाऊन हातात घ्या. टपालखर्च शून्य.

बंदा रुपया
शून्य कसला? तिथे गेल्यावर दुसऱ्या टेबलांवर जे पाच हजार जातात, ते कुठल्या टप्प्यात धरायचे?