कंपनी विकली, ईसॉपचा भाव कमी लावला. केस फेडरल कोर्टात की स्टेट कोर्टात? सल्ला हवाय

ओहायोकर
नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण प्लीज वाचा. मी ओहायोत एका मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते, ११ वर्षं झाली. कंपनी लिस्टेड नाही, सगळे शेअर ईसॉप ट्रस्टकडे, म्हणजे तुम्हीच मालक असं पहिल्या दिवसापासून आम्हाला सांगितलेलं. दरवर्षी एक पानी स्टेटमेंट येतं, माझ्या खात्यात किती शेअर आणि एका शेअरचा भाव काय, ती सगळी मी किचनच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीत. शेवटच्यावर भाव २१२ डॉलर. फेब्रुवारीत एका प्रायव्हेट इक्विटीवाल्यांनी कंपनी घेतली, ट्रस्टीने सगळे शेअर विकून टाकले, ईसॉप बंद, आणि पत्र आलं की तुम्हाला शेअरला १७१ मिळणार. का, तर त्यावर एक ओळ नाही! आम्हाला मतही विचारलं नाही, आणि वरच्या दोन मॅनेजरांना नव्या कंपनीत शेअर मिळाले असं कानावर आलंय.

ज्याने आमच्या घराचे कागद केले तो वकील म्हणतो की काँट्रॅक्ट मोडलं म्हणून काउंटी कोर्टात टाकू, स्वस्तात होईल. नवऱ्याचा मित्र म्हणतो हे फेडरलचंच काम. वर प्लॅनच्या कागदात आर्बिट्रेशनचं (कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं) एक कलम आहे. कोणी यातून गेलंय का? म्हातारपणाची सगळी भिस्त या पैशावर आहे हो, रात्र रात्र झोप लागत नाही.

हिंजवडी_एक्सप्रेस
ताई, ईसॉप म्हणजे ऑप्शनच ना? आमच्याकडे बायबॅक झालं तेव्हा ग्रँट लेटरमध्ये जे लिहिलं होतं तेच धरलं, त्यावरून भांडण म्हणजे सरळ कराराचं भांडण. तुमचा वकील बरोबर वाटतोय.

शिकागोचे_अप्पा
नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. भारतात ईसॉप म्हणतात ते स्टॉक ऑप्शन, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ खाली येणारे, ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क. ओहायोकर सांगतायत तो अमेरिकन ईसॉप म्हणजे ओनरशिप प्लॅन, ही रिटायरमेंट योजना आहे, ४०१-के च्या घरातली. शेअर ट्रस्टच्या नावावर, कामगाराचं त्यात खातं. त्यामुळे याला नोकरीतल्या रिटायरमेंट योजनांचा १९७४ चा फेडरल कायदा, एरिसा, लागतो आणि कुठल्या कोर्टात जायचं हे त्या कायद्यातच लिहून ठेवलंय, कलम ५०२(ई).

तुमची तक्रार नक्की काय आहे त्यावर कोर्ट ठरतं. ‘प्लॅनच्या कागदाप्रमाणे माझे एवढे पैसे निघतात, ते दिले नाहीत’ (शेअर कमी मोजले, नोकरीची वर्षं चुकीची धरली वगैरे) असं असेल तर स्टेट आणि फेडरल दोन्ही कोर्टं चालतात. पण ‘ट्रस्टीने आमचे शेअर पडत्या भावात विकले, आमचं हित पाहिलं नाही’ असं असेल तर ते फक्त फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात. स्टेट जजला तो अधिकारच नाही. तुमचं हे दुसरं आहे.

आणि काउंटी कोर्टात काँट्रॅक्ट म्हणून घातलीत तर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. समोरचे ३० दिवसांच्या आत केस उचलून फेडरलला नेतात, मग स्टेट कायद्यावरचा दावा एरिसाने बाद होतो म्हणून अर्ज टाकतात, आणि तुम्ही सहा-आठ महिने फी भरून पुन्हा पहिल्या पायरीवर. सुप्रीम कोर्टाने २००४ च्या एटना विरुद्ध डाविला निकालात हेच सांगितलंय की नाव काहीही द्या, मागणी एरिसातली असेल तर ती फेडरलचीच.

फेडरलला एरिसाखाली जाताना ७५,००० डॉलरची अट नाही, दोघं वेगवेगळ्या राज्यांतले हवेत अशीही नाही. ट्रस्टी बाहेरच्या राज्यातला असला तरी प्लॅन जिथून चालवला जातो तिथे केस घालता येते, म्हणजे तुम्हाला ओहायो सोडून कुठे पळावं लागणार नाही.

कृष्णाकाठ
अप्पांनी लिहिलंय त्यात मुदतीचं राहिलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. ट्रस्टीच्या चुकीवर दावा करायला घटनेपासून ६ वर्षं, पण चूक प्रत्यक्ष कळली असेल तर कळल्यापासून ३ च वर्षं. २०२० साली इंटेल विरुद्ध सुलिमामध्ये कोर्ट म्हणालं की कागद नुसता मेलमध्ये आला म्हणजे कळलं असं नाही, खरंच वाचलेला हवा. तुम्ही पत्र वाचलंय, त्यामुळे त्या पत्राच्या तारखेपासून ३ वर्षं धरूनच चाला. लेबर डिपार्टमेंटकडे (एब्सा) तक्रार करा, त्यांचे सल्लागार फुकट बोलतात आणि खातं स्वतःही केस करू शकतं, पण तक्रार केली म्हणून तुमचं घड्याळ थांबत नाही.

ग्रीनकार्डच्या_रांगेत
स्टार्टअपचे ऑप्शनवाले हा धागा वाचत असतील तर तुमचं वेगळं आहे, तिथे साधारणपणे एरिसा नाही, करार आणि स्टेट कायदा. फेडरलला जायचं तर ७५,००० डॉलरच्या वर रक्कम आणि दोन्ही बाजू वेगळ्या राज्यांच्या किंवा देशांच्या हव्यात. आता गंमत बघा, एच-वन-बी वर असाल तर तुम्ही परदेशी नागरिक, त्याच राज्यातल्या कंपनीविरुद्ध फेडरलला जाता येतं, पण ग्रीनकार्ड हातात आलं आणि त्याच राज्यात स्थायिक असाल तर तो रस्ता बंद.

मिशिगनची_सई
ओहायोकर ताई, मी यातून गेलेय. आमची कंपनीही अशीच विकली, नाव लिहीत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका पत्राचा. प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला लेखी पत्र टाकायचं, रजिस्टर्ड, आणि प्लॅनचं पूर्ण डॉक्युमेंट, ट्रस्टचा करार, ताजा फॉर्म ५५०० (प्लॅनचा सरकारकडे भरलेला वार्षिक रिपोर्ट) मागायचा. ३० दिवसांत दिलं नाही तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. मी फोनवर चार महिने विचारत होते, कोणी दाद देत नव्हतं, पत्र गेल्यावर तीन आठवड्यांत जाडजूड पाकीट दारात. विक्रीच्या वेळचा व्हॅल्युएशन रिपोर्टही मागा, तो द्यायलाच पाहिजे का यावर कोर्टांत वाद आहेत पण मागायला काय जातं. माझ्या पाकिटात एक पान निघालं ज्यावर विक्रीच्या किमतीतून कर्ज, दलाली आणि एस्क्रोत (तिसऱ्याकडे राखून) अडकवलेली रक्कम वजा केली होती, तेव्हा कुठे कळलं की आमचा भाव का पडला, आणि एस्क्रोचा हिस्सा नंतर मिळालाही. म्हणून सांगते, भाव कमी झाला म्हणजे फसवलंच असं आधी धरू नका, कागद बघा. पण मॅनेजरांना शेअर मिळाले ही गोष्ट मात्र वकिलाला पहिल्या मिनिटाला सांगा. आणि कंपनीने सेव्हरन्सबरोबर (नोकरी सोडताना मिळणाऱ्या पैशांबरोबर) सहीला कागद दिला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही अजिबात करू नका, त्यात दावे सोडल्याचं कलम असतं.

शिकागोचे_अप्पा
सई, उत्तम. मत का विचारलं नाही त्याचं कारण, लिस्टेड नसलेल्या कंपनीत विलीनीकरण किंवा जवळपास सगळी मालमत्ता विकायची असेल तर कामगारांचं मत घ्यावं लागतं, पण नुसते शेअर विकायचे असतील तर सहसा ट्रस्टीच ठरवतो. म्हणून तर त्याची जबाबदारी एवढी मोठी, वाजवी मोबदला मिळाला का हे त्यानेच तपासायचं. कॉन्स्टेलिसच्या केसमध्ये ईसॉपने शेअर महाग घेतले म्हणून ट्रस्टी कंपनीला जवळपास ३ कोटी डॉलर भरावे लागले, २०१९ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. तुमचं उलट आहे, स्वस्त विकले, पण कसोटी तीच.

आर्बिट्रेशनला घाबरू नका. ‘फक्त स्वतःच्या खात्यापुरतं मागा, सगळ्या प्लॅनसाठी नाही’ अशी अट असलेली कलमं अनेक अपील कोर्टांनी उडवलीत, सातव्या सर्किटने २०२१ मध्ये, दहाव्याने २०२३ मध्ये, आणि ओहायो ज्याच्यात येतं त्या सहाव्याने २०२४ मध्ये. तुमच्या कलमात नेमके काय शब्द आहेत ते बघावं लागेल.

वकील मात्र एरिसाचाच हवा, घराचे कागद करणारा नको. पहिला प्रश्न विचारा की ट्रस्टीविरुद्धच्या किती केसेस त्याने फेडरलला चालवल्यात. तुमच्यासारखेच सगळ्या सहकाऱ्यांचे पैसे अडकलेत, तेव्हा क्लास अ‍ॅक्शन होऊ शकते आणि असे वकील बऱ्याचदा टक्केवारीवर घेतात, खिशातून फी नाही.

कृष्णाकाठ
आणि पैसे मिळाले म्हणून हक्क गेला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, कमी दिले हीच तक्रार असेल तर पैसे उचलल्यावरही दावा करता येतो. फक्त चेक स्वतःच्या नावावर घेऊ नका, २० टक्के टॅक्स कापतात, थेट आयआरए मध्ये (स्वतःच्या रिटायरमेंट खात्यात) वळवायला सांगा.

ओहायोकर
सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं खरंच. काउंटी कोर्टाचं थांबवलं, त्या वकिलाला आज फोन करून सांगितलं. सईने सांगितलं तसं पत्र नवऱ्याने टाइप केलंय, उद्या पोस्टात जाऊन रजिस्टर्ड करते. आमच्या शॉप फ्लोरवरचे सहा जण पण सही करतो म्हणालेत, त्यातल्या एकाला तर इथे ३१ वर्षं झाली. सई, तुम्हाला विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) केलीय, आर्बिट्रेशनच्या कलमाचा फोटो पाठवते, तुमच्या वकिलांचं नाव तिथेच द्याल का?