कातकरी मुलांचे आकडे वेगळे कुठे मिळतात का?

डोंगरवाट:
एमपीएचचं (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) डिसर्टेशन चालूये, रायगडातल्या कर्जतच्या बाजूला. कातकरी मुलांच्या कुपोषणाचा आकडा हवाय, पण एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) उघडलं की एससी, एसटी, ओबीसी, इतर, झालं. ठाकर पण एसटी, महादेव कोळी पण एसटी, कातकरी पण एसटी. ठाकरांकडे निदान थोडीफार जमीन असते, कातकरी बहुतेक भूमिहीन, मग सगळ्यांची सरासरी काढून मी काय सांगणार?? आपल्याकडे आदिम जमाती (एसटीतल्याही सगळ्यात दुर्बल) तीनच, कातकरी, कोलाम, माडिया गोंड. त्यांचं तरी वेगळं असेल ना?

आकडेमोड्या:
नाही मिळणार. एनएफएचएसमध्ये जिल्ह्याला नऊशे-हजार घरं, त्यात कातकरी येऊन येऊन किती येणार आणि त्यांत पाच वर्षांखालची पोरं किती? दोन पोरं इकडची तिकडे झाली की टक्केवारी कोलमडते. एसआरएसच्या (सरकारची जन्म-मृत्यूची नमुना पाहणी) बालमृत्यूदरात गाव-शहर, मुलगा-मुलगी मिळेल, जमात नाही. आदिवासी आरोग्यावरच्या डॉ. अभय बंग समितीनेही २०१८च्या रिपोर्टमध्ये हेच म्हटलंय, वेगवेगळ्या जमातींच्या आरोग्याचा डेटा जवळपास नाहीच.

सिस्टरताई:
अगं मी एएनएम (उपकेंद्रातली नर्स) होते, रिटायर झाले आता. दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त वाडी वीटभट्टीवर जायची, ती पार पावसाच्या तोंडावर परत. रजिस्टरात शेरा 'स्थलांतरित', की ते पोर हिशोबातून बाहेर. एकदा ४० पैकी ११च उरली होती, आजीजवळ ठेवलेली, त्या ११ जणांची वजनं घेतली आणि रिपोर्ट गेला १०० टक्के वजन झाले म्हणून! मीच पाठवलाय, खोटं कशाला बोलू. भट्टीवर बाळंत झालेलीची नोंद ना इकडे ना तिकडे. आई-बाळाचं आरोग्य कार्ड मात्र जपतात हां, दुधाच्या पिशवीत गुंडाळून कुडात खोचलेलं असायचं, आतली पानं कोरी.

वाडीचा_पोर:
मी स्वतः कातकरी. ताई म्हणतात ते खरंय आणि वर अजून एक, जातीचा दाखला नसला की काही ठिकाणी केसपेपरवर डायरेक्ट 'इतर' टाकतात, माझ्या बहिणीचं तसंच झालं. २०२३ला पीएम-जनमन (आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना) आलं तेव्हा कॅम्प लावून दाखले दिले, पण जुने पेपर कोण बदलणार. आणि एक रिक्वेस्ट, वाडीचं नाव छापू नका. ३० घरांच्या वाडीत 'एक तीव्र कुपोषित बालक' लिहिलं की कोणाचं ते सगळ्यांना कळतं, मग फोटो काढायला गाड्या येतात.

डोंगरवाट:
नाव नाही टाकणार, नक्की. मी मार्चमध्ये वाडीवर जाऊन वजनं घेणार होते, म्हणजे मलाही ती ११च भेटली असती :(

सिस्टरताई:
मार्चमध्ये भट्टीवरच जा. सकाळी लवकर, उन्हाच्या आधी. मुकादमाला आदल्या दिवशी फोन कर आणि वजनकाटा स्वतःचा ने.