डायलॉग उघडला नाही की दोष विन्डोजचा कसा?

रात्रपाळी
परवा इथेच ‘साधासरळ’ यांनी विन्डोजसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एकाला डायलॉगबद्दल, म्हणजे बटणं-रकान्यांच्या छोट्या खिडकीबद्दल, सल्ला दिला: “डायलॉग उघडत नसेल किंवा अडकत असेल तर कारण शोधण्यात आयुष्य घालवू नका. रिसोर्स (डायलॉगचा साठवलेला आराखडा) पुसा, नव्याने काढा. तरी जमलं नाही तर अख्खा फॉर्म वेबव्ह्यूत (प्रोग्रॅमच्या आतल्या वेबपानात) टाका. विन्डोजचे कंट्रोल (बटणं, रकाने वगैरे) मुळातच लहरी.” त्याखाली ‘सहमत’ची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काही नाही. माझाच अनुभव सांगतो. आमच्या एका प्रोग्रॅममध्ये ‘शेरा’ लिहायचा डायलॉग होता. बटण दाबलं की कधी उघडायचा, कधी नाही. एरर नाही, आवाज नाही. बटण खाली जायचं, वर यायचं, बस्स. माझ्या मशीनवर कायम उघडायचा. चाचणी करणारी सहकारी म्हणायची, “सकाळी उघडत नाही, दुपारनंतर उघडतो.” सगळे तिला हसले. तीन दिवस आम्ही थीमवर, मेमरीवर, अँटिव्हायरसवर संशय घेत बसलो.

शेवटी डायलॉग उघडणाऱ्या डायलॉगबॉक्स फंक्शनच्या पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट टाकला, म्हणजे प्रोग्रॅम तिथे थांबवला. परत आलेली किंमत -१. गेटलास्टएरर, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक, १४०७: विंडो क्लास (कंट्रोलचा नोंदवलेला प्रकार) सापडत नाही. शेऱ्याच्या डायलॉगवर रिच एडिट (मजकूर लिहायचा एक कंट्रोल) होता आणि त्याची डीएलएल (कोडची वेगळी फाइल) लोड करणारी ओळ होती ‘पत्रं’ नावाच्या दुसऱ्याच स्क्रीनमध्ये. सहकारी पत्रं दुपारी काढायची. मी रोज पहिल्यांदा तीच स्क्रीन उघडायचो. म्हणजे तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

एक कंट्रोल जरी तयार झाला नाही तरी अख्खा डायलॉग पाडला जातो. हा लिखित नियम आहे, लहर नाही. टेम्प्लेटला (डायलॉगच्या आराखड्याला) डीएस_नोफेलक्रिएट ही स्टाइल लावा: डायलॉग उघडेल आणि जिथे भोक दिसेल तो कंट्रोल गुन्हेगार. १८१४ आला तर रिसोर्सच सापडलेला नाही. बहुतेक वेळा तो डीएलएलमध्ये असतो आणि तुम्ही शोधताय ईएक्सईमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये. एमएफसीत (मायक्रोसॉफ्टच्या सी++ लायब्ररीत) कोणत्या फाइलचे रिसोर्स घ्यायचे ते ठरवणारा मॅनेज-स्टेटचा मॅक्रो विसरलात की हमखास हेच होतं.

आता सांगा, मी रिसोर्स पुसून नव्याने काढला असता तर काय झालं असतं? दुपारी चाचणी झाली असती आणि ‘दुरुस्त’ म्हणून बग बंद.

साधासरळ
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझंही ऐका.

तुमची गोष्ट तुमच्याच विरुद्ध जाते. तीन दिवस गेले ते कोणामुळे? जे फंक्शन अपयशी झालं की तोंडातून अवाक्षर काढत नाही, त्याच्यामुळे. आणि -१ तरी धड मिळतो का? त्याच फंक्शनला दिलेलं पालक खिडकीचं हँडल (खिडकीची ओळखखूण) चुकीचं असेल तर -१ नाही, ० परत येतो. जुन्या आवृत्त्यांशी सुसंगती राहावी म्हणून, असं कागदपत्रात लिहून ठेवलंय. आता मी ‘रद्द’ बटणावर एंडडायलॉगला (डायलॉग बंद करणाऱ्या फंक्शनला) ० देत असेन, तर ‘वापरणाऱ्याने रद्द केलं’ आणि ‘डायलॉग उघडलाच नाही’ यांत फरक कसा करायचा? याला लहरी नाही तर काय म्हणायचं?

एडिट कंट्रोल (टाइप करायचा रकाना) घ्या. कोडमधून मजकूर घातला की ईएन_चेंज (‘मजकूर बदलला’ ही सूचना) येतो. तोच एडिट मल्टिलाइन (अनेक ओळींचा) केला की येत नाही. हेही लिहून ठेवलेलं आहे. लिहून ठेवलं म्हणून शहाणपणाचं होत नाही.

आणि अडकण्याचं बोला की. टॅब कंट्रोलच्या पानावर मी एक आतला डायलॉग बसवला होता. वापरणारा आत काहीतरी टाइप करायचा, टॅबची कळ दाबायचा आणि अख्खा प्रोग्रॅम गोठायचा. एक कोअर १०० टक्के. तिथे परत येणारा आकडाच नाही, कारण फंक्शन परतच येत नाही. सांगा, कुठला एरर कोड बघू? मी आतला डायलॉग काढून टाकला, सगळे कंट्रोल एकाच पानावर घेतले, अर्ध्या दिवसात काम चालू. कारण आजतागायत माहीत नाही आणि मला नकोही.

रात्रपाळी
कारण मी सांगतो. आतल्या डायलॉगला डब्ल्यूएस_ईएक्स_कंट्रोलपेरेंट ही स्टाइल नव्हती. ती नसली की बाहेरचा डायलॉग पुढचा कंट्रोल शोधताना आत उतरतच नाही. फोकस (टाइप केलेलं जिथे जातं ती जागा) मात्र आत असतो. म्हणजे जिथून शोध सुरू केला ती खूण त्याला फेरीत पुन्हा भेटत नाही आणि फेरी संपत नाही. तुम्ही आतला डायलॉगच काढलात, म्हणून अडकणं थांबलं. एक स्टाइल लावली असती तर पाच मिनिटांचं काम. डीबगरमध्ये ‘ब्रेक ऑल’ दाबून कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) बघितला असतात तर शोध कुठे फिरतोय ते समोर दिसलं असतं.

० आणि -१ बद्दलचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. ते वाईटच आहे. मी रद्दसाठी ० कधी वापरत नाही, आयडीकॅन्सल म्हणजे २ देतो, म्हणून मला ते कधी बोचलं नाही.

खतावणी
तुम्ही डायलॉग उघडण्यावरून भांडताय. आम्ही उघडलेल्या डायलॉगमध्ये दिवस काढतो, आमचं कोणी ऐकेल का?

एंटर! एंटरने डायलॉग बंद का होतो? मी प्रोग्रॅमर नाही, नोंदी करणारी आहे. समोर तीसेक रकाने असतात. आकडा टाकला की हात आपसूक एंटरवर जातो. एंटर दाबला की ‘ठीक’ दाबलं गेलं, अर्धवट नोंद जतन, डायलॉग बंद. मग ती शोधा, उघडा, पुन्हा भरा. हे दिवसात कितीदा होतं याची मोजदाद मी सोडून दिली. तक्रार केली की उत्तर मिळतं, “विन्डोजमध्ये असंच असतं.” एंटरने पुढच्या रकान्यात गेलं पाहिजे. एवढं साधं कोणालाच का कळत नाही?

टॅबकी
नाही. कृपा करून नाही.

मी स्क्रीन बघत नाही, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, ऐकतो. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, एंटरने ठीक, एस्केपने रद्द. हे प्रत्येक डायलॉगमध्ये सारखं असतं म्हणून मी काम करू शकतो. एका प्रोग्रॅममध्ये कोणीतरी एंटर पकडून ‘पुढचा रकाना’ केला होता. सरसकट, सगळीकडे. मी फिरत फिरत ‘ठीक’ बटणापर्यंत पोचलो, एंटर दाबला आणि पुन्हा पहिल्या रकान्यात. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मल्टिलाइन रकान्यात नवी ओळही घेता येईना. शेवटी शेजारच्याला उठवून ‘जरा माऊसने क्लिक कर’ म्हणावं लागलं. हे म्हणताना काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

खतावणी
आणि माझ्या मनगटाला काय वाटतं ते तुम्हाला? नंबरपॅड कीबोर्डच्या उजव्या टोकाला, एंटर त्याच्याच कोपऱ्यात, करंगळीखाली. टॅब पार डाव्या टोकाला. डावा हात कागदावरच्या ओळीवर धरलेला असतो, तो उचलला की ओळ चुकते. प्रत्येक आकड्यामागे हात उचलायचा, टॅब दाबायचा, परत ओळ शोधायची. तुमची अडचण खरी असेल, पण नियम एकट्या तुमच्यासाठी नाहीत.

टॅबकी
‘एकट्या तुमच्यासाठी’. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. आम्ही थोडे आहोत म्हणून आम्ही बाहेर थांबायचं, असंच ना?

आणि हे फक्त एंटरपुरतं नाही. रकान्याचं नाव लिहिलेला स्टॅटिक (नुसत्या मजकुराचा कंट्रोल) हा एडिटच्या लगेच आधी, त्याच क्रमात असावा लागतो. स्क्रीन रीडर तिथूनच नाव उचलतो. रिसोर्स एडिटरमध्ये कंट्रोल इकडून तिकडे ओढून सुबक मांडता आणि टॅबचा क्रम तसाच सोडता. मग मला ‘पत्ता’च्या रकान्यावर ‘जन्मतारीख’ ऐकू येते. व्हिज्युअल स्टुडिओत कीबोर्डवर कंट्रोल-डी दाबलं की कंट्रोलांवर क्रमांक उमटतात, हव्या त्या क्रमाने क्लिक करत जायचं. एवढं करायला कोणाला वेळ नसतो.

रात्रपाळी
मूळ प्रश्न राहिला बाजूला. धागा डायलॉग उघडण्याबद्दल आहे. पण हेही शोध न घेता ठिगळ लावण्याचंच उदाहरण आहे, म्हणून लिहितो.

टॅबकींना भेटलेला प्रोग्रॅम एंटर हा मेसेज लूपमध्येच (जिथे सगळ्या कळा-क्लिक आधी येतात) गिळत होता. तिथे पकडलं की बटण, मल्टिलाइन एडिट सगळ्यांचा एंटर जातो. पकडायचं तर आयडीओकेच्या (‘ठीक’ बटणाच्या) हँडलरमध्ये. तिथे फोकस कुठे आहे ते बघा. ‘ठीक’वर असेल तर जतन करा. एका ओळीच्या एडिटवर असेल तर डायलॉगला डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएल हा मेसेज पाठवून पुढे जा. मल्टिलाइनला ईएस_वाँटरिटर्न ही स्टाइल द्या, त्याचा एंटर त्याच्याकडेच राहतो. आणि पुढे जाताना नुसतं सेटफोकस करू नका, डायलॉगला डिफॉल्ट बटणाचा (एंटरने दाबलं जातं त्याचा) हिशोब ठेवता येत नाही आणि जाड कडा दोन बटणांवर दिसायला लागते.

म्हणजे दोघांचंही होऊ शकतं. तुम्ही एकमेकांशी भांडताय, खरं भांडण तो कोड लिहिणाऱ्याशी आहे.

साधासरळ
एका एंटरसाठी एवढं रामायण! विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटच्या फॉर्म-लायब्ररीत) ॲक्सेप्टबटन ही एक प्रॉपर्टी भरली की झालं. आणि तुम्ही १९८५ सालच्या, पहिल्या विन्डोजच्या, कल्पनेची वकिली करताय.

रात्रपाळी
ॲक्सेप्टबटनने एंटर ‘ठीक’वरच जातो, म्हणजे खतावणींची तक्रार जशीच्या तशी. आणि विनफॉर्म्सचा टेक्स्टबॉक्स म्हणजे आत तोच एडिट कंट्रोल. वेबव्ह्यूत टाकलंत तर टॅब वेबपानाच्या शेवटी पोचल्यावर फोकस बाहेरच्या खिडकीत आणायचं काम तुम्हालाच लिहावं लागतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नवशिका
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या मोडलेस डायलॉगमध्ये (उघडा असताना बाकी प्रोग्रॅमही वापरता येतो अशा) टॅब अजिबात चालत नाही. क्रिएटडायलॉगने उघडलाय. कंट्रोलांना टॅबस्टॉप (टॅबने थांबायची स्टाइल) आहे. मी पण वेबव्ह्यूकडे वळू का?

रात्रपाळी
वळू नका. मेसेज लूपमध्ये ट्रान्स्लेटमेसेजच्या आधी इझडायलॉगमेसेज बोलवा, ते खरं आलं तर पुढचं टाळा. मोडल डायलॉगचा लूप विन्डोज चालवतं, मोडलेसचा तुमचा असतो.

खतावणी
टॅबकी, ‘एकट्या तुमच्यासाठी’ असं लिहायला नको होतं. ते मागे घेते. पण माझी मागणी मागे घेत नाही.

आणखी एक सांगायचंच आहे. रकाना सोडला की लगेच ‘आकडा चुकीचा’ अशी चौकट येते ना? आमच्याकडे एका स्क्रीनवर दोन रकाने तसे होते. पहिला सोडला की पहिल्याची चौकट. ती येताना फोकस हलायचा, की दुसऱ्याची चौकट. ती बंद केली की पुन्हा पहिल्याची. दोन्ही रकाने रिकामे असले की प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून मारण्याशिवाय गत्यंतर नसायचं. आणि कागदावरची अख्खी नोंद गेली.

टॅबकी
हे माझ्याही वाट्याला आलंय. दोन चौकटी आलटून पालटून वाचल्या जातात, बाकी काही कळत नाही. इथे आपलं एकमत आहे: तपासणी ‘ठीक’ दाबल्यावर करा, रकाना सोडताना चौकट नको.

एंटरबद्दल: सेटिंगमध्ये एक पर्याय ठेवा, सुरुवातीला बंद असलेला. ज्याला हवा तो चालू करेल. ‘ठीक’ बटणावर मात्र एंटर म्हणजे ठीकच. यापुढे मी एक पाऊलही हटणार नाही.

खतावणी
सुरुवातीला चालू असता तर बरं झालं असतं. पण ठीक आहे, एकदाच चालू करायचा असेल तर चालेल.

साधासरळ
तो जुना प्रोजेक्ट काल उघडला. आतल्या डायलॉगच्या टेम्प्लेटमध्ये खरंच ती स्टाइल नव्हती. लावली, टॅब चालला. आधी स्पाय प्लस प्लस या खिडक्यांचे मेसेज दाखवणाऱ्या साधनात बघायला गेलो तर काहीच दिसेना. माझा प्रोग्रॅम ६४ बिटी आणि स्पाय ३२ बिटी, हे कळायलाच तास गेला. ६४ बिटीसाठी त्याची वेगळी ईएक्सई असते.

‘पुसा आणि नव्याने काढा’ हे मागे घेतो. ‘लहरी’ हा शब्द मागे घेत नाही. जी स्टाइल नसली की प्रोग्रॅम गोठतो, तिच्याबद्दल विन्डोजने निदान डीबग आउटपुटमध्ये एक ओळ छापायला हवी होती.

रात्रपाळी
त्या एका ओळीसाठी मीही तुमच्या बाजूने सही करीन. पण दोष शोधायचा कंटाळा आणि ओळ न छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहकारीला आम्ही तीन दिवस हसलो, ते विन्डोजने करायला लावलं नव्हतं.

नवशिका
टॅब चालू झाला, आभार! पण आता एस्केप दाबलं की डायलॉग गायब होतो आणि मेनूतून पुन्हा उघडतच नाही. परत आलेली किंमत बघायला गेलो तर क्रिएटडायलॉगपर्यंत कोड पोचतच नाही, ‘हँडल आधीच आहे’ म्हणून मागे फिरतो.

रात्रपाळी
आयडीकॅन्सलमध्ये एंडडायलॉग लिहिलंय ना? ते मोडलसाठी. मोडलेसमध्ये त्याने खिडकी फक्त लपते, जिवंत राहते. तिथे डिस्ट्रॉयविंडो करा आणि हँडल ठेवलेलं व्हेरिएबल नल करा.

नवशिका
हो, एंडडायलॉगच होतं. बदललं. उघडतोय.