मदत हवी आहे (तातडीचं): आई-बाळ क्लास पुढे चालू ठेवू की नको?

मनमोर
नमस्कार. घाईत लिहितेय. आमच्या क्लासचं सत्र संपत आलंय आणि पुढच्या सत्राची नोंदणी उद्या संध्याकाळी बंद होणार. माझं काही ठरत नाहीये.

लेक तिथे काही म्हणजे काही करत नाही. बाकीची पोरं टाळ्या वाजवतात, कापडी बोगद्यातून रांगत जातात, बुडबुडे फोडतात. आमचं ध्यान माझ्या मांडीवर, माझ्या घड्याळाचा पट्टा घट्ट धरून, सगळ्यांकडे टकामका बघत. आणि घरी आलो की तीच गाणी हातवाऱ्यांसकट, हॉलभर नाचत! याच्या बाबाला गंमत वाटते, मला मात्र तिथे सगळ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं होतं. परवा बाई म्हणाल्या की याच्या 'सोशल स्किल्स'वर काम करावं लागेल, आठवड्यातून दोनदा आणत जा.

दोनदा नेऊ, आहे तसंच ठेवू, की दुसरीकडे घालू? ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे घरी रोज ऐकते, ते इथे नको.

शंकेखोर
वय?

जलपरी
अगं हे टाळ्या-गाण्यांचे क्लास सोड आणि सरळ पोहायला घाल. माझी दोन्ही सहा महिन्यांची असल्यापासून पाण्यात आहेत. भीड चेपते, झोप छान लागते, आणि पुढे कधी पाण्यात पडली तरी काळजी नको. पाण्यात मूल आईला चिकटूनच असतं, त्यामुळे 'मांडीवर बसतो' हा प्रश्नच येत नाही.

नानासाहेब
आमच्या वेळी खरंच नव्हतं. तीन मुलं वाढली, तिन्ही उत्तम बोलतात. धाकटा तर जरा जास्तच. सूनबाई, पैसे वाचवा आणि पोराला मातीत सोडा.

शंकेखोर
नाना, त्यांनी हात जोडून नको सांगितलेलं तेवढंच लिहिलंत.
मनमोर, वय सांगा हो. दहा महिन्यांच्या आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला एकच उत्तर कसं देणार? आणि क्लास कसला? आई आत बसते का? मुलं किती?

मनमोर
पावणेदोन वर्षांचा आहे. क्लास गाणी आणि खेळांचा, आई सोबतच असते. मुलं बारा-पंधरा असतील. पण वयाचा काय संबंध? तिथे याच्याच वयाची एक मुलगी आहे, ती तर बाईंच्या हातातला डमरू काढून घेते.

पाऊलवाट
वयाचाच तर संबंध आहे गं. पावणेदोनच्या मुलाने गोलात बसून सांगेल ते करावं ही अपेक्षाच जास्तीची आहे. आणि त्या डमरूवालीच्या आईला विचार, ती घरी काय सोसते!

तू लिहिलंयस की घरी सगळं करून दाखवतो. माझ्या मते या धाग्यात कामाची गोष्ट तीच आहे. अँड्र्यू मेल्ट्झॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८८ सालचा प्रसिद्ध प्रयोग आहे. चौदा महिन्यांच्या बाळांसमोर एक माणूस वाकून चक्क कपाळाने एका पेटीला स्पर्श करतो आणि पेटीतला दिवा लागतो. बाळांना त्या दिवशी पेटीला हात लावू देत नाहीत, नुसतं बघायचं. आठवड्याने तीच पेटी समोर ठेवली तर बरीच बाळं वाकून कपाळ टेकवायला लागली. म्हणजे बघत बसलेलं मूल रिकामं बसलेलं नसतं. तुझा मुलगा क्लास करतोय, फक्त त्याची प्रॅक्टिकल्स घरी होतात.

अबोली
पाऊलवाट +१
माझीही अशीच होती. भिंतीला टेकून बघत राहायची. आता सात वर्षांची आहे, गप्प बसवायला काय देशील बोल.

घरबसल्या
ताई, एवढा आटापिटा कशाला? हल्ली लहान मुलांचे ऑनलाइन क्लास मिळतात, मूल आपल्याच घरात, आपल्याच गादीवर. लाजायचा प्रश्न नाही, येण्याजाण्याची दगदग नाही. आमच्याकडे टॅबवर रंग, आकार, प्राणी सगळं पाठ झालं. फ्लॅशकार्डंही घ्या, दिवसातून दोनदा दाखवायची.

शंकेखोर
पावणेदोन वर्षांच्या मुलाला टॅब? जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलांना बसवून स्क्रीन दाखवणं नकोच म्हटलंय, आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी म्हटलंय.

शिवाय पॅट्रिशिया कूल यांचा २००३चा प्रयोग. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं बसवली. ती खेळणी दाखवत, पुस्तकं वाचत. अशी बारा सत्रं झाल्यावर बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तीच माणसं, तेच बोलणं दुसऱ्या बाळांना पडद्यावर दाखवलं, तर शिकणं शून्य.

घरबसल्या
माझ्या मुलीला अष्टकोन ओळखता येतो. तुमच्या प्रयोगातल्या बाळांना येत होता का?

नानासाहेब
अष्टकोन ओळखून पुढे काय करायचं असतं?

मनमोर
मंडळी!! स्क्रीन नाही द्यायचीये मला. घराबाहेर पडायचंय. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

दुर्बीण
थोडं पुस्तकी लिहिते, चालवून घ्या. मिल्ड्रेड पार्टन यांनी लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, तो अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'नुसतं बघणं' हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि 'शेजारी-शेजारी पण आपापलं खेळणं' हा दुसरा. मिळून-मिसळून, वाटून घेऊन खेळणं वयाने बरंच पुढे येतं. तेव्हा पावणेदोन वर्षांच्या मुलाच्या 'सोशल स्किल्स'वर काम करायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे त्या बाईंनाच विचारा. प्रामाणिक उत्तर मिळालं तर इथेही सांगा.

शंकेखोर
दुर्बीण, पार्टनबाईंच्या त्या यादीकडे लोक जिन्यासारखं बघतात, एक पायरी चढली की दुसरी. नंतरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. मोठी मुलंसुद्धा आधी शेजारी उभी राहून अंदाज घेतात आणि मग खेळात घुसतात. बाकी मुद्दा मान्य.

दुर्बीण
मी जिना म्हटलेलंच नाही. 'प्रकार' म्हटलंय. वर जाऊन वाचा.

टँजंट
विषय निघालाच आहे तर, बाबागाडी कोणती घ्यावी? एका हाताने मिटणारी हवी आहे, चाकं मोठी.

काळजीवाहू
मनमोर, एक सांगून ठेवते, कोणी कितीही म्हटलं तरी वॉकर आणू नकोस. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं, आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका वेगळाच. कॅनडात २००४पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

मनमोर
काळजीवाहू, तो पळतो. मी त्याच्या मागे पळते. वॉकर कुठून आला?

काळजीवाहू
पुढच्या वेळेसाठी सांगितलं.

मनमोर
पुढची वेळ नाहीये.

बाळबोध
मी लहान मुलांसोबत काम करते, म्हणून जरा वेगळं विचारते. क्लासमध्ये लाजणं बाजूला ठेवा. नावाने हाक मारली की वळून बघतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? आणि नुसती गंमत म्हणून, म्हणजे 'बघ बघ, पक्षी!' अशासाठी बोट दाखवून तुमच्या तोंडाकडे बघतो का? शब्द किती? घरी ओळखीच्या माणसांत कसा असतो?

यातल्या कशाबद्दलही मनात शंका असेल तर ती क्लासच्या बाईंकडे किंवा इथे सोडवू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर नावाची, ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता बघणारी २० प्रश्नांची साधी चाचणी असते. ती केवळ चाळणी आहे, त्यावरून निदान होत नाही. आणि शंका नसेल तर बाईंचं वाक्य तिथेच ठेवून घरी या.

मनमोर
बाळबोध, धन्यवाद, पहिल्यांदा कोणीतरी नीट विचारलं. हाक मारली की वळतो (त्याच्या मनात असेल तर). बोट तर दिवसभर चालू, विमान, मांजर, पंखा, आणि मी बघेपर्यंत माझी हनुवटी धरून तोंड फिरवतो. 'बाबा आला', 'अजून दे' असं दोन-दोन शब्दांचं बोलतो. मावशीकडे, आजीकडे घर डोक्यावर घेतो. फक्त क्लासमध्ये पुतळा.

बाळबोध
मग मी तरी शांत झोपले असते.

पाऊलवाट
क्लास किती वाजता असतो गं?

मनमोर
साडेबाराला. का?

पाऊलवाट
आणि हा दुपारी झोपतो कधी?

मनमोर
एकच्या आसपास. क्लासच्या दिवशी तिथून येताना वाटेतच मान टाकतो. सकाळची बॅच भरलेली होती म्हणून ही मिळाली.

अबोली
घ्या! पेंगुळलेलं पोर, अनोळखी पंधरा पोरं, वर दणदणीत स्पीकर. मीही कोणाचा तरी पट्टा धरून बसले असते.

शंकेखोर
पाऊलवाट, हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आवडला. या वयात दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यातली दुपारची झोप काढून चालत नाही. दोनदा नेलं तर दोन दुपारी बिघडतील, एवढंच.

स्पीकर खरंच मोठा असतो का? तुम्हाला शेजारच्या बाईशी बोलताना आवाज चढवावा लागतो का?

मनमोर
शेजारच्या बाईशी बोलायची वेळच येत नाही. सगळ्या आपापल्या मुलाचे व्हिडिओ काढतात, तास संपला की पाच मिनिटांत हॉल रिकामा. मी जाते ते खरं तर... जाऊ दे. हो, स्पीकर मोठा असतो.

अबोली
'जाऊ दे' नको. पूर्ण कर वाक्य.

मनमोर
अगं दिवसभर घरात आम्ही दोघंच. संध्याकाळपर्यंत मी मोठ्या माणसासारखं एक वाक्य बोललेली नसते. क्लास लावला तेव्हा वाटलं होतं चार जणी भेटतील. त्यामुळे बंद करायचा म्हटलं तर आठवडा अख्खा सपाट होतो, आणि चालू ठेवायचा तर हे असं. आता कळलं का एवढी घाई कशाला करतेय?

नानासाहेब
मग हे आधी लिहायचं होतं, सूनबाई. माझी बायको जिन्यात बसून शेजारणींशी बोलायची, पोरं आपोआप एकमेकांत खेळायची. क्लास म्हणा, जिना म्हणा, काम तेच. हे 'आमच्या वेळी' मध्ये धरू नका.

पाऊलवाट
नाना पहिल्यांदा कामाचं बोलले.

मनमोर, मग क्लास शोधतानाच निकष बदल. शिकवणारा क्लास नको, मोकळ्या खेळाचा तास बघ. बऱ्याच खेळघरांत, वाचनालयांच्या बालविभागांत असा असतो. जमिनीवर गाद्या, ठोकळे, चार पुस्तकं, मुलं आपापलं बघतात आणि आया भिंतीला टेकून बसतात. कोणी 'आता सगळ्यांनी हात वर' म्हणत नाही. बोलणं तिथेच होतं, कारण करण्यासारखं दुसरं काही नसतं. सकाळचा तास बघ, आणि सुरू व्हायच्या जरा आधी पोच. हॉल रिकामा असताना मूल जागा हुंगून घेतं, मग गर्दी वाढली तरी बिचकत नाही. भरल्या हॉलमध्ये उशिरा शिरणं या मुलांना सगळ्यात जड जातं.

आत्ताच्या क्लासला मात्र फोन करून विचार, सकाळी जागा झाली तर मधूनच घेतील का. सत्राच्या सुरुवातीला उत्साहाने आलेल्यांतले किती टिकतात ते त्यांनाही माहीत असतं.

काळजीवाहू
मोकळ्या खेळाच्या ठिकाणी गेलीस तर आधी खेळण्यांवर नजर टाक. वाजणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्याचा बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद हवा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. हे तरी आत्ताच्या वयाचं आहे ना?

मनमोर
हो, हे आहे. थँक्यू.

जलपरी
पोहण्याचं कोणीच मनावर घेतलेलं दिसत नाही. सहा महिन्यांपासून पाण्यात असलेलं मूल बुडत नाही, एवढं लिहून थांबते.

शंकेखोर
थांबू नका, हे धोकादायक लिहिलंय. एक वर्षाच्या आतल्या बाळांना पोहायला शिकवून बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये स्पष्ट म्हटलंय. एक वर्षानंतर शिकवणीचा उपयोग होऊ शकतो, पण कुठलंही मूल 'बुडत नाही' असं नसतं. पाण्यात मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, आणि हवा भरायचे दंडपट्टे म्हणजे खेळणी, सुरक्षेची साधनं नव्हेत.

जलपरी
तुम्हाला पोहता येतं का?

शंकेखोर
त्याचा काय संबंध?

टँजंट
बाबागाडीचं कोणी सांगेल का?

मनमोर
अपडेट. आत्ताच फोन केला. सकाळच्या बॅचला जागा नाही, पण त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा सकाळी 'फ्री प्ले' असतो म्हणे. त्याची जाहिरात करत नाहीत, कारण त्यात शिकवत काहीच नाहीत! नोंदणी नको, येऊ त्या दिवसाचे भरायचे. साडेबाराचं सत्र सोडलं. बाईंना 'सोशल स्किल्स म्हणजे नक्की काय' विचारलं, तर म्हणाल्या तसं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

त्या डमरूवालीच्या आईचा नंबर क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडला. मेसेज टाकलाय, सकाळी येतेस का म्हणून. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.

अबोली
येईल उत्तर. ती डमरू शोधत असेल.

मनमोर
टँजंट, आमची एका हाताने मिटते, पण तो एक हात पहिलवानाचा लागतो. वेगळा धागा काढा, मी लिहिते तिथे. आणि जलपरी, शंकेखोर, तुम्हीही पाण्याचं तिकडेच कुठेतरी मिटवा, प्लीज.

जलपरी
काढलाय धागा. शंकेखोर, या तिकडे.