ट्रकचालक आणि एटीव्हीची टक्कर: जागा लिहिलेली नसेल तर 'ट्रॅफिक' धरायचं का?

चाकोरी
अमेरिकन चार्टला (रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींना) आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे तिथल्या निदान आणि अपघात-कारणांच्या यादीतले, कोड लावणाऱ्यांसाठी. इमर्जन्सीची नोंद एवढीच: अठराचाकी ट्रकचा चालक, चारचाकी एटीव्हीशी (रस्ता सोडून कुठेही चालणारी ऑफ-रोड गाडी) टक्कर, उजवीकडच्या अनेक बरगड्या मोडल्या. अपघात कुठे झाला, ते नाही. माझ्या मते आधी एस२२.४१एक्सए (उजव्या बाजूच्या अनेक बरगड्या मोडल्या), मग व्ही६९.४९एक्सए (अवजड वाहनाचा चालक, इतर मोटार वाहनाशी टक्कर, 'ट्रॅफिक' म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरचा अपघात). 'एटीव्ही' दिसली की व्ही८६ लावणारे बरेच आहेत, पण तो एटीव्हीवर बसलेल्याचा कोड. जखमी माणूस कशात होता ते आधी, समोर काय आलं ते नंतर. एटीव्हीसाठी अवजड वाहनातल्यांच्या व्ही६० ते व्ही६८ मध्ये जागा नाही, म्हणून व्ही६९ मधलं 'इतर मोटार वाहन'.

मुरूम
व्ही८६ नको, मान्य. पण व्ही६९.४९ पण नको, व्ही६९.०९ (नॉन-ट्रॅफिक, म्हणजे सार्वजनिक रस्त्याबाहेरचा) घ्या. ऑफ-रोड वाहनांचा अपघात नॉन-ट्रॅफिक धरायचा, असं व्याख्येतच आहे.

चाकोरी
व्याख्या अर्धीच वाचलीत! ती सूट *फक्त* ऑफ-रोड वाहनंच गुंतलेली असतील तेव्हा. इथे ट्रक आहे. मग मूळ नियम: दुसरी जागा लिहिली नसेल तर सार्वजनिक रस्ता. एखादं वाहन थोडंसं जरी रस्त्यावर असलं तरी ट्रॅफिकच.

शोधक_नागपूर
नियम बरोबर, पण त्याच्या आधी शोधा तरी. ट्रायाज नर्सची नोंद, ॲम्ब्युलन्सचा रिपोर्ट उघडा. खाण निघाली तर व्ही६९.०९एक्सए, सोबत वाय९२.६४ (वाय९२ म्हणजे जागेचे कोड). तिथला 'ट्रक' डंपर असेल तर चालक थेट व्ही८५ (बांधकामाची खास वाहनं) मध्ये. पिकअप असेल तर व्ही५९. आणि 'रँच रोड' वाचून खासगी वाट समजू नका; टेक्सासात त्या नावाचे राज्याचे रस्ते आहेत.

मुरूम
'फक्त' हा शब्द निसटला, ठीक. तरी एवढी उठाठेव कशाला? बाह्य कारणाचे (व्ही, वाय) कोड देशपातळीवर सक्तीचे नाहीत, पहिला कोड म्हणून लागतही नाहीत. क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) पाठवून चार्ट अडकवायचा?

शोधक_नागपूर
राज्याचा किंवा पेयरचा (बिल भरणाऱ्या विमा कंपनीचा) नियम असेल तर सक्तीचेच. शिवाय हा माणूस ड्यूटीवर होता का? असेल तर वाय९९.० (पगारी काम करताना) हवा, आणि बिल आरोग्य विम्याकडे की वर्कर्स कॉम्पकडे (कामावरच्या दुखापतीचा विमा), हा प्रश्न तिथेच उभा राहतो. चार्टमध्ये दोन नोंदी एकमेकींशी भांडत असतील तर क्वेरी कराच. नोंदच नसेल तर चाकोरी म्हणतात तसं ४९.

चाकोरी
आणि जागा कळलीच नाही तर वाय९२ पूर्ण सोडा. मोकळं दिसतं म्हणून वाय९२.९ (जागा अनिर्दिष्ट) चिकटवतात, ते मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट नाकारलंय.

मुरूम
फॉलो-अपला?

चाकोरी
वाय९२, वाय९९ पहिल्याच वेळी, पुन्हा नाही. व्ही कोड मात्र उपचार चालू असेपर्यंत. बरगडी उशिरा जुळत असेल तर एस२२.४१एक्सजी, पण व्ही कोडला 'जी' नसतं, तिथे 'डी' (नंतरची भेट). दोन्हींना 'जी' लावलंत की एडिटमध्ये (कोडच्या संगणकीय तपासणीत) कोड अवैध म्हणून परत येतो.