अनुभव धागा: लहान मुलांचे ठसेकाम आणि कोलाज

तीन ते सात वर्षांच्या मुलांकडून ठसेकाम किंवा कोलाज करून घेताना काय साधले आणि काय फसले, हे खान्देशातील पालकांनी व शिक्षकांनी लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कापल्या कापल्या ती रंगात बुडवली, तर तिची बुळबुळ रंगात उतरते आणि फुलाऐवजी ओघळ उमटतो. आता मी काप अर्धा तास फडक्यावर पसरून ठेवते आणि रंग बशीत न ओतता ओलसर स्पंजावर लावून देते.

शिक्षक, यावल तालुका: आमच्याकडे केळीला तोटा नाही, म्हणून मी पानाच्या देठाचे आडवे काप दिले. त्यातील पोकळ कप्प्यांमुळे चंद्रकोरीत विणलेल्या जाळीसारखा ठसा उमटला आणि मुले हरखून गेली. मात्र केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही मी त्या दिवशी विसरलो. दुसऱ्या दिवशी मुलांच्या आयांनी अहिराणीत जे सुनावले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. हल्ली ठसेकामाच्या दिवशी प्रत्येक मूल वडिलांचा जुना सदरा पुढचे मागे करून घालते.

आजी, धुळे: नातीला बटाट्यावर ‘क’ कोरून दिला, तो कागदावर उलटा उमटला. “आजी, क रुसला,” असे म्हणून तिने तो कागद आरशासमोर धरला आणि तिथे तो सरळ दिसताच पुढची सगळी अक्षरे उलटी कोरून मागितली. ‘ठ’ मात्र कसाही कोरला तरी तसाच उमटतो, हा शोध तिचाच.

अंगणवाडी सेविका, नंदुरबार: लाल रंगासाठी वाळलेल्या मिरचीच्या साली वापरण्याची हौस मला नडली, एका मुलाने डोळे चोळले आणि वर्ग तिथेच थांबला. त्यानंतर जुन्या लग्नपत्रिकांवर भागवले. डिंकाऐवजी मैद्याची घट्ट खळ पुरते, पण चित्र उन्हात पुरते वाळवले नाही, तर झुरळे ते खातात. एकदा ढगांसाठी मी कापूस दिला होता. एका मुलाने तो सगळा कागदाच्या तळाशी ओळीने चिकटवला आणि, “बाई, वेचणी बाकी आहे,” असे सांगितले.