मदत हवी आहे: हॉल अँड ओट्सचं पुढे काय ऐकू?

मंडळी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या गायक जोडीने मला महिनाभर झपाटलंय. १९७३ च्या ‘अबँडन्ड लंचनेट’ अल्बममधलं ‘शीज गॉन’ रोज रात्री हेडफोनवर ऐकतो. ओट्सचा खालचा आणि हॉलचा वरचा सूर सोबत चालतात, मग सॅक्सोफोन येतो, आणि शेवटाकडे पट्टी चढत जाते तेव्हा अंगावर काटा येतो. ‘रिच गर्ल’ त्यामानाने घाईचं वाटतं. ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ मात्र अफाट. ड्रम मशीनवर इतका सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गाण्याचा बाज!

मला सत्तरच्या दशकातलं, ‘शीज गॉन’सारखंच संथ, सोलकडे झुकणारं हवंय. ‘सारा स्माइल’ ऐकून झालं. आता कुठला अल्बम घेऊ? दोघांचे आवाज वेगवेगळे नीट ऐकू येतील असं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंगही सुचवा ना.